राखणीचा डबा

मी एक जुना घासलेटचा डबा आहे. मित्रांनो, शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला उगाच आशा लागून राहणार नाही. सावळाचे भात रानडुकरांनी खाल्ले. बांधापासून बांधापर्यंत सगळे खाल्ले.

आता हे वाक्य मी बोललोच नाही असे धरा. सावळाचे भात उभे आहे, लोंब्या दाण्यांनी वाकल्या आहेत आणि डुकरे डोंगरात आपापल्या कामात आहेत. असे धरायला जड जाते का? वडिवळे गावच्या लोकांना मुळीच गेले नाही. म्हणून तुम्हीही धरा आणि माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म पहिल्या जागतिक लढाईच्या जरा आधी मुंबईच्या बंदराशेजारी झाला. पत्रा कापला, वाकवला, सांध्यांना डाख लावला, आत घासलेट भरले आणि वरून तोंड बुजवून टाकले. जन्मतःच तोंड बुजवलेले असल्यामुळे पुढे खेड्यात दिवस काढताना मला फारशी अडचण आली नाही.

माझ्या पोटातल्या तेलाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. त्याला कोणी रॉकेल म्हणतात, कोणी घासलेट, कोणी मातीचे तेल. ते तिळातून निघत नाही की करडईतून निघत नाही. जमिनीच्या खोल पोटातून काढतात आणि गाळून साफ करतात. मातीतून आलेले म्हणून ते देवाला चालत नाही. देवापुढे गोडे तेल आणि माणसापुढे घासलेट, अशी वाटणी आहे. त्यामुळे देव नेहमी मिणमिणत्या उजेडात बसलेला असतो आणि माणसांचे काय चालले आहे ते त्याला नीट दिसत नाही.

घासलेटचा आणखी एक गुण लक्षात ठेवा. ते पाण्यात मिसळत नाही. दोन्ही एका भांड्यात घातली तर पाणी मुकाट्याने तळाला जाऊन बसते आणि घासलेट वर तरंगत वास मारत राहते. वरून वाकून पाहणाऱ्याला वाटते, सगळे घासलेटच आहे.

मी मालगाडीने लोणावळ्याला आलो. घाट चढताना गाडीला मागूनही एक इंजिन ढकलत होते. कोणी मागून ढकलल्याशिवाय वर जाता येत नाही हे मी तेव्हाच शिकलो. स्टेशनावर बजरंग नावाचा बत्तीवाला होता. दिवस कलला की तो माझ्यातले तेल फलाटावरच्या कंदिलांत भरी, काचा पुसून लखलखीत करी आणि वाती सारखी करी. मी रिकामा झालो तरी त्याने मला टाकले नाही. मोठ्या पिंपातून मला पुन्हा पुन्हा भरून घेई आणि मलाही कंदिलाबरोबर पुसून काढी. आपण कंदील लावले नाहीत तर आगगाडीला लोणावळा सापडणार नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. माझे ते सोन्याचे दिवस होते. मी पत्र्याचा असल्यामुळे ते फार टिकले नाहीत.

मग घाटात खांब उभे राहिले, तारा ओढल्या, गाड्या विजेवर धावू लागल्या आणि फलाटावर विजेचे दिवे आले. बजरंग काही दिवस सवयीने शिडी लावून त्या दिव्यांच्या काचा पुसत होता. त्याला कोणी तरी खाली उतरवले. मला विकून टाकले.

मला लीलाबाई नावाच्या, गुडदाणी म्हणजे चिक्की विकणाऱ्या बाईने गूळ ठेवायला घेतले. तिने मला राखेने घासले, चिंचेने घासले, उन्हात वाळवले. पण माझ्या अंगचा वास काही जाईना. एक गिऱ्हाईक तिला म्हणाले, "बाई, तुमची गुडदाणी खाल्ल्यापासून विडी पेटवायची भीती वाटते." दुसऱ्याच दिवशी लीलाबाईने मला कामशेतच्या बाजारात मांडले आणि वडिवळ्याचे कोंडाजी मला घरी घेऊन गेले.

कोंडाजी गावातले मोठे खातेदार. त्यांच्या पडवीत मी मानाने बसलो आणि मला राखणीचा डबा हे नाव मिळाले. राखण म्हणजे काय ते सांगतो. वडिवळ्याची भातखाचरे डोंगराला लागून आहेत. कोजागिरी झाली, चांदणे ओसरू लागले आणि दाणा भरला की डोंगरातून रानडुकरे उतरतात. एक कळप एका रात्रीत एका घराची वर्षाची भाकरी फस्त करतो. डुक्कर शेकोटीला भीत नाही. शेकोटी जागची हलत नाही हे त्याला ठाऊक आहे. ते भिते हलत्या आगीला. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, त्या घासलेटमध्ये बुडवून पेटवायच्या आणि तो टेंभा घेऊन बांधाबांधाने ओरडत धावायचे, हा एकच इलाज.

हे धावायचे काम सावळाचे होते. सावळा डोंगरावरच्या वाडीतला. त्याचे एकच खाचर होते आणि ते अगदी रानाच्या तोंडाशी, म्हणजे डुकरांच्या वाटेवरचे पहिले घर. पूर्वीपासून ठरलेले होते की प्रत्येक घराने डब्यात घासलेट घालायचे, सावळा आणि त्याची बायको बाया यांनी खाचरातल्या मचाणावर, म्हणजे माळ्यावर, बसून सगळ्या गावाचे भात राखायचे आणि मळणी झाली की प्रत्येक घराने त्यांना पायलीभर भात द्यायचे. त्या पायल्या आणि आपले एक खाचर यांच्यावर दोघांचे वर्ष निघे. कधी कधी जवळजवळ पुरे.

मग दुसरी लढाई आली आणि घासलेटवर कंट्रोल बसले. ही लढाई कुठे चालली आहे हे वडिवळ्यात कोणाला माहीत नव्हते, पण ती घासलेट पिते एवढे सगळ्यांना समजले. घराला बाटलीभर मिळायचे, तेही रांगेत उभे राहून. तरीसुद्धा त्या पावसाळ्यात प्रत्येक घराने आपल्या बाटलीतला वाटा माझ्यात आणून घातला. श्रावण सरता सरता मी गळ्यापर्यंत भरलो. गाव मला येताजाता हात लावून नमस्कार करी. देवाला न चालणाऱ्या तेलाला एवढा मान मिळालेला पाहून मी भारावून गेलो.

नंतर गरजा सुरू झाल्या.

पहिल्या आल्या कोंडाजींच्या घरच्या विठाबाई. पावसाने लाकडे ओली, चूल पेटेना. त्यांनी माझे बूच काढले, मला कलते करून वाटीभर घासलेट घेतले आणि डब्याला उणे दिसू नये म्हणून वाटीभर पाणी ओतले. मग आला हौशीराम. त्याच्या बाजेत ढेकूण झाले होते आणि ढेकणांना घासलेटसारखे औषध नाही. त्याने तांब्याभर नेले, तांब्याभर पाणी आणले. हिशोबाला माणूस चोख. रखमाजीआबांचे गुडघे धरले होते. सांध्यांना चोळायला घासलेट उत्तम, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. त्यांनी दोन्ही गुडघ्यांपुरते नेले. स्वतः कोंडाजींच्या बैलाच्या जखमेत किडे पडले होते. बैल घरचा होता आणि डबाही घरातच होता. घासलेटचे उपयोग किती आहेत हे मला तेव्हा कळले. दिवा हा त्यातला सर्वांत किरकोळ.

एकदा तिन्हीसांजेला शेजारची सरुबाई नातीच्या डोक्यातल्या उवांसाठी आली. तिने बूच काढले आणि मागे विठाबाई येऊन उभ्या.

"का गं सरू, हितं काय करतीस?"

"काय न्हाई. तुळशीला पानी घालाया आल्ते."

"तुळस अंगणात हाय."

"व्हय का? अंधारात कळलं न्हाई. तुमी वाटी घिऊन कुटं निगालाव?"

"मी बी तुळशीलाच."

दोघी अंगणात गेल्या आणि त्यांनी तुळशीला पाणी घातले. मग एक एक करून दोघी परत आल्या.

प्रत्येकाने थोडेच घेतले. पाणी घालणारे आपण एकटेच, असे प्रत्येकाला वाटे आणि बाकीच्यांच्या प्रामाणिकपणावर प्रत्येकाचा पूर्ण भरवसा होता. मला कलते केले की वरचे घासलेट बाहेर येई. पाणी जाऊन तळाला बसे. मी आतून दिवसेंदिवस थंड होत चाललो होतो. सांगणार कोणाला? तोंडात बूच.

बरे, डब्याची तपासणी होत नव्हती असे नाही. कोंडाजी दर सोमवारी चार लोकांसमक्ष एक लांब काडी माझ्यात बुडवत, वर काढत, ओली किती झाली ते पाहत आणि हुंगत. वरच्या थरातून निघालेली काडी. तिला वास घासलेटचाच येणार.

"डबा भरल्याला हाय," कोंडाजी म्हणत, आणि चारी जण सुटकेचा श्वास सोडत. कोणाचा सर्वांत मोठा असे ते मी सांगत नाही.

कोजागिरी झाली. सावळा आणि बाया मला न्यायला आले. बायाने मला उचलून डोक्यावर घेतले आणि ती जागच्या जागी थांबली.

"मालक, ह्यो लय जड लागतुया."

"जड हाय म्हंजी भरल्याला हाय," कोंडाजी म्हणाले.

"रोज नदीवरनं पानी आणते मी. घासलेट येवढं जड नसतंय. ह्ये वझं पान्यावानी लागतंय."

"बाये, गावानं पोटाला चिमटा घिऊन साठवल्यालं हाय ते. वझं तर लागनारच."

सावळाने भीत भीत विचारले, "जरा हलवून बघू का, मालक?"

"अजाबात नगं. घासलेट हलवलं का उडून जातं."

उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. उडून जाते हे त्यांना एकदम पटले. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

मला माळ्यावर नेले. माळा सावळाच्या खाचरातच होता. तिथून खाली सगळे गाव दिसे आणि लांब रुळांवरून विजेची गाडी जाताना तिच्या खिडक्यांचा उजेड दिसे. आमच्या पंचक्रोशीतून एवढा उजेड रोज जात होता, पण उतरत नव्हता.

पहिल्या सांजेला सावळाने मला कलते करून परातीत तेल काढले. वरचा थर निघाला, अस्सल. टेंभा भडकला. सावळा बांधाबांधाने "हुर्र्याऽऽ" करत धावला, बाया दुसऱ्या बाजूने धावली. रानाच्या कडेला खसफस झाली आणि थांबली. खाली गावात लोक अंगणात येऊन उभे राहिले. रखमाजीआबा तर आपल्या गुडघ्यांवर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बघा बघा, गावाचं घासलेट कसं पेटलंया!" सावळा परत येऊन बसला, तेव्हा त्याचा चेहरा काजळीने काळा झाला होता आणि तो हसत होता.

"बाया, औंदा निभावलं बग."

"आदी भात घरात यिऊ दे."

"तू लय वंगाळ बोलतीस."

"मी वंगाळ बोलत न्हाई. वंगाळ व्हतंय, मी नुसतं बोलती."

दुसऱ्या सांजेला सावळाने मला कलते केले. चूळभर घासलेट आले आणि मग पाणी आले. सावळाने अजून कलते केले. अजून पाणी आले. चिंध्या चरचरल्या, निळी ज्योत एकदा इकडे तिकडे पाहून गेली. सावळाने दुसरी काडी ओढली, तिसरी ओढली. त्याने मला उलटे केले. माझ्या पोटातून साऱ्या वडिवळ्याच्या विहिरी बाहेर आल्या. विठाबाईंची वाटी, हौशीरामचा तांब्या, आबांचे दोन्ही गुडघे, सगळे परातीवरून वाहत खाचरात गेले. भाताला पाणी मिळाले. भाताला त्या वेळी पाणी नको होते.

"म्या म्हनलं व्हतं," बाया म्हणाली. ते तिने रागाने म्हटले नाही. म्हणायचे म्हणून म्हटले.

रानाच्या कडेने खसफस सुरू झाली. सावळाने मला उचलले आणि काठीने बडवायला सुरुवात केली. मित्रांनो, मी आयुष्यात कधी एवढ्या जोराने ओरडलो नसेन. डुकरांनी कान टवकारले. क्षणभर मला आशा वाटली. मग, आवाज आहे पण आग नाही हे त्यांनी ध्यानात घेतले आणि ती ऐकत ऐकत खाऊ लागली. सावळा बडवत राहिला, ती खात राहिली. माझ्या कुशीला तेव्हा जो पोचा पडला तो अजून आहे.

तो कळप मोठा होता आणि सावळाचे खाचर छोटे. तरी ते नेमके त्यांना पुरले. पोट भरल्यावर डुकरे आली तशी परत गेली. पुढचे काही दिवसही ती तिथेच येत. सांडलेले दाणे होते, मुळे होती, उकरायला मऊ चिखल होता. तोवर गावाने घाईघाईने आपापली कापणी उरकून घेतली. गावातल्या एका लोंबीलाही धक्का लागला नाही.

मळणी झाल्यावर सावळा पायल्या मागायला आला. पडवीत बैठक बसली. मध्ये मी होतो, रिकामा, आणि कोणी माझ्याकडे पाहत नव्हते.

कोंडाजींनी विचारले, "गावाचं भात शाबूत हाय का?"

"हाय," बैठक म्हणाली.

"मंग राखण झाली."

"झाली की."

"राखण झाली म्हंजी टेंभे पेटले."

"पेटले! म्या सोता बघितलं," रखमाजीआबा म्हणाले. पाहिले होते खरे, पहिल्या सांजेला.

"टेंभे पेटले म्हंजी डब्यात घासलेट व्हतं."

हे मात्र सगळ्यांनी एकाच वेळी मान्य केले. एवढे एकमत त्या पडवीने कधी पाहिले नव्हते.

"घासलेट व्हतं म्हंजी डुकरं आलीच न्हाईत."

सावळा म्हणाला, "मालक, माजं खाचर बगा की येऊन. हितंच तर हाय."

"त्यात बगायचं काय?" हौशीराम म्हणाला. "डुकरं आली न्हाईत, तर तुजं भात खाल्लं कुनी?"

"आमी खाल्लं," बाया दारातून म्हणाली. "कच्चंच. चारी पायांवर हुबं ऱ्हाऊन."

विठाबाई आत निघून गेल्या. त्यांना चुलीकडे बघायचे होते.

"बाये, तुजं दुक कळतंय," कोंडाजी म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला होता. "पर इचार कर. डुकरं आलीच न्हाईत, तर सावळ्यानं राखलं काय? आन राखलंच न्हाई, तर पायली कशाची?"

अशा रीतीने झालेली राखण झालीच नाही असे ठरले. सावळाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. एकानेही वर पाहिले नाही. माझे बूच काढून मला उलटे धरले असते तर तळाला राहिलेले दोन थेंब पाण्याचे सगळे सांगून गेले असते. म्हणूनच ते कोणी केले नाही. सावळानेही नाही. पुढच्या वर्षी त्याला याच पडवीत यायचे होते. निदान तेव्हा त्याला तसे वाटत होते.

गाव निर्दय नव्हते. पायल्यांच्या बदली गावाने त्याला मला देऊन टाकले. "कायम वापरा," रखमाजीआबा म्हणाले.

थंडी पडायच्या आत वाडीवरचे त्यांचे खोपट बंद झाले. दोघे लोणावळ्याच्या बाजूला रुळाकडेला खडी फोडायला आले. त्यांच्या त्या एका खाचराचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. त्यात कोणी भात लावले की नाही ते आमच्यापर्यंत आले नाही. बाया आता माझ्यातून पाणी आणते. मला पाण्याची सवय आहेच. पाण्याला अजून घासलेटचा वास येतो, पण त्यांच्या झोपडीत घासलेट नसते. तिन्हीसांज झाली की दोघे अंधारात जेवतात. गाडी गेली की तिच्या खिडक्यांचा उजेड एकेक करून भाकरीवरून सरकत जातो आणि तेवढ्यात सावळा भाकरीचा तुकडा शोधून घेतो. मला गंज धरला आहे. एका कोपऱ्यातून मी गळतो.

पुढच्या पावसाळ्यात वडिवळ्यात नवा डबा बसला. कोंडाजी दर सोमवारी काडी बुडवतात, असे ऐकतो.

मित्रांनो, डब्याची निगा राखा. त्याला पुसा, उन्हात ठेवा, गंज धरू देऊ नका. आणि काडीवर विसंबू नका. हलवून पाहा. हलवल्याने घासलेट उडून जात नाही. राहिलेली विनंती तुम्हाला नाही, ती वर पाठवायची आहे. वर नेमके कोण बसते ते ठाऊक नसल्यामुळे खात्याच्या नावाने पाठवतो.

मेहेरबान घासलेट कंट्रोल खात्याचे साहेब यांचे सेवेशी, अर्जदार पत्र्याचा डबा, एक नग, पोचा पडलेला, हल्ली मुक्काम रुळाकडेला, सविनय विनंती करतो की, मौजे वडिवळे येथील सावळा यास एक डबा घासलेट, निव्वळ, पाण्याविना, मागील तारखेने मंजूर करण्यात यावे. तारीख त्या दुसऱ्या सांजेच्या आधीची धरावी. डबा पोचवण्याचे काम अर्जदार स्वतः करील, खात्यास तोशीस पडणार नाही. सावळा सध्या माळ्यावर काडी ओढत बसला आहे असे समजून, डुकरे रानाबाहेर पडण्यापूर्वी योग्य तो हुकूम व्हावा.